खान्देशात मॉड्युलर सिंथेसायझर: पहिल्या वायरीपासून पहिल्या कार्यक्रमापर्यंत

जळगाव, धुळे, नंदुरबार पट्ट्यात कीबोर्डवाल्यांची कमी नाही. ऑर्केस्ट्रात वाजवणारा आहे, लग्नाच्या बँडमध्ये गाडीवर बसून वाजवणारा आहे, अहिराणी गाण्यांचे ट्रॅक घरात बसून तयार करणारा आहे. पण नॉब आणि भोकांनी भरलेली, वायरी खुपसून वाजवायची, बऱ्याचदा पट्ट्याच नसलेली मॉड्युलर यंत्रं इथे फारशी कोणी पाहिलेली नसतात. ज्याला हा नाद लागतो, त्याच्या हाती लागणारी माहिती अमेरिका-जर्मनीच्या हिशेबाने लिहिलेली असते. तिथली वीज, तिथला उन्हाळा, तिथलं कोपऱ्यावरचं दुकान. मे महिन्यातल्या भुसावळात ती माहिती अर्धीच कामाला येते. उरलेली अर्धी इथे मांडतो आहे.

थोडाफार कीबोर्ड वाजवणाऱ्या आणि सोल्डरिंग गन हातात धरायला न घाबरणाऱ्या माणसासाठी हा लेख आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. जुन्या काळातली अस्सल यंत्रं ऐका, त्यांची रचना समजून घ्या, पण विकत घ्यायला जाऊ नका. का, ते तिसऱ्या पायरीत येईलच.

१. हे नेमकं काय आहे ते आधी समजून घ्या

१९६४ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यात रॉबर्ट मोग यांनी हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या सोबतीने पहिला नमुना उभा केला. साधारण त्याच काळात सॅन फ्रान्सिस्कोत डॉन बुक्ला यांचं स्वतंत्रपणे तेच काम चाललं होतं. दोघांच्या मुळाशी एकच कल्पना होती: प्रत्येक गोष्ट व्होल्टेजने हलवायची. स्वराची उंची, आवाजाचा पोत, लहान-मोठेपणा, सगळं. नॉब हाताने फिरवायच्या ऐवजी एका खोक्यातून, म्हणजे मॉड्यूलमधून, निघालेलं व्होल्टेज दुसऱ्या खोक्याचा नॉब फिरवतं, एवढंच.

मोग यांनी पियानोसारख्या पट्ट्या जोडल्या. बुक्लांना त्या नको होत्या. त्यांनी स्पर्शाच्या पट्ट्या आणि सिक्वेन्सर, म्हणजे ठरवून दिलेले स्वर एकामागून एक आपोआप वाजवणारी मॉड्यूल, दिले. १९६९ मध्ये लंडनच्या ईएमएस कंपनीने व्हीसीएस-३ काढला, त्यात वायरींऐवजी पिना खोचायच्या. १९७१ चा एआरपी २६०० आतून आधीच जोडलेला होता, पण वायर घालून ती जोडणी बदलता येई. आज ‘सेमी-मॉड्युलर’ म्हणतात तो प्रकार हाच.

हे परक्यांचं खूळ आहे असं घरात कोणी म्हणालं तर अहमदाबादचं उदाहरण द्या. १९६९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, मोगचं यंत्र आलं. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी स्टुडिओ उभारायला मदत केली. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी १९७२ पर्यंत त्यावर काम केलं. नंदुरबारहून ताप्ती लाइनने सुरत गाठायचं आणि तिथून गाडी बदलायची, इतक्या जवळ हे घडलं आणि आपल्याला पत्ता नव्हता.

२. खिशात हात घालण्याआधी लॅपटॉपवर शिका

व्हीसीव्ही रॅक नावाचं सॉफ्टवेअर आहे. त्याची मूळ आवृत्ती फुकट मिळते आणि ती विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते. खऱ्या मॉड्यूलसारखीच भोकं, तशाच वायरी, व्होल्टेजचे नियमही तेच. घरातल्या कीबोर्डला यूएसबी मिडी असेल तर तो जोडता येतो. पहिली जोडणी अशी करा:

- ‘मिडी टू सीव्ही’ (सीव्ही म्हणजे कंट्रोल व्होल्टेज) मॉड्यूलच्या व्ही/ऑक्ट, म्हणजे स्वराची उंची ठरवणाऱ्या, भोकातून ऑसिलेटरच्या व्ही/ऑक्ट भोकात.
- ऑसिलेटरच्या ‘सॉ’ भोकातून फिल्टरच्या इनपुटला.
- फिल्टरच्या लो-पासमधून व्हीसीएला.
- ‘मिडी टू सीव्ही’च्या ‘गेट’मधून एन्व्हलप म्हणजे एडीएसआरला.
- एडीएसआरमधून दोन वायरी: एक व्हीसीएच्या सीव्हीला, दुसरी फिल्टरच्या कटऑफला.
- व्हीसीएमधून ऑडिओ मॉड्यूलला.

आवाज आला की एकेक वायर काढून ऐका. एडीएसआरची व्हीसीएकडे जाणारी वायर काढल्यावर काय होतं? फिल्टरकडे जाणारी काढल्यावर? या खटाटोपातून जे कळतं ते दहा व्हिडिओ बघून कळत नाही. ऑसिलेटर सूर काढतो, फिल्टर त्यातला वरचा भाग कापतो, व्हीसीए दार उघडतो-मिटतो, आणि एन्व्हलप या दोघांना किती वेळात काय करायचं ते सांगतो. बाकी शंभर प्रकारची मॉड्यूल आहेत, ती नंतर.

याच काळात कानही तयार करा. मोगवर वाजवलेला बाख ऐकायचा तर वेंडी कार्लोस. बुक्लावर मॉर्टन सुबॉटनिक आणि सुझान सियानी. सिक्वेन्सरच्या लांबच लांब लडींसाठी क्लाउस शुल्त्से आणि टँजरीन ड्रीम. पण तंबोऱ्यात वाढलेल्या कानाला मी पहिलं नाव सुचवीन एलियान रादीग यांचं. या फ्रेंच बाईंनी एआरपी २५०० घेतला, त्याचा कीबोर्ड घेतलाच नाही, आणि वर्षानुवर्षं त्यावर अतिशय सावकाश बदलणारे सलग सूर लावले. पहिली पाच मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं. तसंच ऐकत राहा.

३. जुनं की नवं, आणि कोणत्या मापाचं

जुनी अस्सल यंत्रं का नकोत? किंमत तर आहेच, ती लाखांतच सुरू होते. पण त्याहून मोठी अडचण दुरुस्तीची. पन्नास वर्षांच्या यंत्रातले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सुकलेले असतात, नॉब खरखरतात, आणि ते उघडून नीट करणारा माणूस जळगावात तर सोडाच, मुंबईतही शोधावा लागतो. अमेरिकन यंत्र असेल तर ते ११०–१२० व्होल्टचं, म्हणजे आपल्या २३० वर लावण्याआधी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आला. तो विसरून प्लग लावलात तर पुढे सांगण्यासारखं काही उरत नाही.

दुसरा सापळा असा की जुनी यंत्रं एकमेकांशी बोलत नाहीत. मोगने एका सप्तकाला एक व्होल्ट धरला. बुक्लाच्या २०० मालिकेत सप्तकाला १.२ व्होल्ट लागतात. कॉर्गचा एमएस-२० तर हर्ट्झ-प्रति-व्होल्ट पद्धतीचा, त्याचं हिशेबाचं गणितच वेगळं, आणि त्याचा ट्रिगर, म्हणजे सूर सुरू करायचा इशारा, तोही उलटा. २०१३ मध्ये आलेला छोटा एमएस-२० मिनीसुद्धा तसाच आहे. ‘स्वस्तात मिळतोय’ म्हणून तो घेऊन बाकीच्या मॉड्यूलना जोडायला गेलात तर सूर काही केल्या जुळणार नाहीत.

नवख्याने युरोरॅक हे माप धरावं. जर्मनीच्या डीटर डोप्फर यांनी १९९५ मध्ये ए-१०० मालिकेतून ते आणलं आणि आज बहुतेक सगळे उत्पादक याच मापात बनवतात. मापं लिहून ठेवा, सुताराला आणि पत्रेवाल्याला लागतील: पॅनेलची उंची १२८.५ मिमी, रुंदीचा एक एचपी म्हणजे ५.०८ मिमी, वरच्या-खालच्या स्क्रूच्या भोकांमधलं अंतर १२२.५ मिमी, स्क्रू एम-३, जॅक ३.५ मिमीचे मोनो. जुन्या मोगचा फिल्टर हवाच असेल तर त्या सर्किटची युरोरॅक मापातली मॉड्यूल मिळतात. बेहरिंजरनेही मोग आणि एआरपीच्या धर्तीवरची यंत्रं काढली आहेत. अस्सलचा अभिमान मिळत नाही, आवाज मात्र बराचसा मिळतो.

पहिली खरेदी म्हणून सुटी मॉड्यूल घेण्यापेक्षा एखादं सेमी-मॉड्युलर यंत्र घ्या, म्हणजे पेटी आणि पॉवर सप्लायची कटकट काही काळ टळते.

४. व्होल्ट, स्वर आणि आपला उन्हाळा

खान्देशातल्या माणसाला या यंत्राची खरी ओळख इथे होते, म्हणून जरा थांबतो.

एका सप्तकाला एक व्होल्ट, त्यात बारा सारखे भाग. म्हणजे एका पट्टीला ८३.३ मिलिव्होल्ट. काळी एकचा मधला षड्ज २७७.२ हर्ट्झ, त्यात एक व्होल्ट मिळवला की तार षड्ज ५५४.४. आता शुद्ध पंचम म्हणजे षड्जाच्या दीडपट, त्याला लागतात ५८५ मिलिव्होल्ट. कीबोर्डचा पंचम ५८३.३ वर असतो, फरक कानाला जवळजवळ कळत नाही. पण तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार ३२२ मिलिव्होल्टवर आहे आणि कीबोर्डचा ३३३ वर. हा फरक चांगलाच टोचतो.

याचा उपयोग असा करा: एक ऑसिलेटर षड्जावर ठेवा, दुसरा नॉबने हळूहळू चढवत पंचमावर आणा. सूर जवळ आले की आवाजात लाटा उठतात, त्या मंदावत जाऊन थांबल्या की पंचम लागला. तिसरा याच पद्धतीने गंधारावर. क्वांटायझर नावाचं मॉड्यूल मात्र इथे आड येतं. ते प्रत्येक व्होल्टेजला जवळच्या बारापैकी एका पट्टीवर नेऊन बसवतं. पाश्चात्त्य संगीताला ते सोयीचं, आपल्या गंधाराची मात्र वाट लावणारं. आधी ते विकत घेऊ नका.

आता ऊन. अॅनालॉग ऑसिलेटरमध्ये व्होल्टेजचं सप्तकात रूपांतर एका ट्रान्झिस्टरच्या जोडीकडून करून घेतात आणि ट्रान्झिस्टरचा तो गुण तापमानाबरोबर सरकतो, दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३३ टक्के. पंचवीस अंशांवर सूर लावला आणि खोली त्रेचाळीसवर गेली, तर काहीही भरपाई नसलेला ऑसिलेटर मूळ स्वरापासून चार सप्तकं दूर जवळपास तीन पट्ट्या चुकेल. म्हणूनच बऱ्याच ऑसिलेटरमध्ये टेम्पको नावाचा खास रेझिस्टर असतो, तो गरम होईल तसा उलट दिशेने भरपाई करतो. स्वस्त किट घेताना यादीत तो आहे का ते बघा. त्याऐवजी साधा रेझिस्टर लावलेला असेल तर ते मॉड्यूल थंड देशात चालेल, वैशाखात जळगावात नाही.

ट्यूनिंगची पद्धत:

- यंत्र चालू करून अर्धा तास तसंच सोडा. घाई करू नका.
- ज्या खोलीत वाजवणार त्याच खोलीत, त्याच तापमानाला लावा. एसीत लावून अंगणात नेऊ नका.
- मोबाइलवर ट्यूनर अॅप घ्या. एक व्होल्ट, दोन व्होल्ट, तीन व्होल्ट देत ११०, २२०, ४४० हर्ट्झ येतात का पाहा. सप्तक रुंद किंवा अरुंद पडत असेल तर मागचा ट्रिमपॉट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा बारीक नॉब, अगदी थोडा फिरवा आणि पुन्हा खालपासून तपासा.
- कूलरच्या झोतात यंत्र नको. एकतर पाण्याचा ओलावा, दुसरं म्हणजे झोत थांबला की सूर हलतो.

मोठ्या कामाचं रेकॉर्डिंग मी उन्हाळ्यात पहाटे करतो. तेव्हा तापमान बराच वेळ स्थिर असतं आणि कूलरही बंद ठेवता येतो.

५. वीज

युरोरॅकला +१२, −१२ आणि काही मॉड्यूलना +५ व्होल्ट लागतात. प्रत्येक मॉड्यूलच्या माहितीपत्रकात ते किती मिलिअॅम्पिअर खातं ते दिलेलं असतं. तिन्हींची वेगवेगळी बेरीज करा, वर पाव हिस्सा शिल्लक ठेवा, मग पॉवर सप्लाय निवडा.

मागची चपटी वायर लावताना लाल रेघ −१२ च्या बाजूला, हा नियम. उलटी लावली तर मॉड्यूल जळू शकतं, आणि सगळेच उत्पादक पाठीमागे खूण स्पष्ट करत नाहीत. शंका असेल तर मल्टिमीटरने आधी तपासा. पेटी बंद करूनच मॉड्यूल काढा-घाला.

घराचं अर्थिंग वायरमनला बोलावून तपासून घ्या. गावाकडच्या जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं पण तिसरी वायर कुठेच गेलेली नसते. त्यातून गुणगुण तर येतेच, धोकाही असतो. लोडशेडिंगसाठी इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा आहे का बघा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर पंखा चालतो, पण सिंथमधून सतत घरघर येते आणि ट्रान्सफॉर्मरही तापतो. शेतीच्या मोटारी चालू-बंद होताना दाब वर-खाली होतो अशा भागात स्टॅबिलायझर लावा.

६. माल कुठून आणायचा

रेझिस्टर, कपॅसिटर, टीएल०७२, एलएम१३७००, बीसी५४७, सीडी४०१०६ हे सुटे भाग घ्यायला मुंबईचा लॅमिंग्टन रोड. जळगावहून किंवा चाळीसगावहून जाणाऱ्यांनी दादरला उतरून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड गाठावं. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. यादी छापून न्या, प्रत्येक भागाचा पूर्ण नंबर लिहा, आणि गोड बोलून ‘हे पण चालेल’ म्हणत दिलेला दुसरा नंबर घेऊ नका. ३३४० ही ऑसिलेटरची चिप फारच स्वस्तात मिळत असेल तर ती बनावट असण्याची शक्यता धरा. मल्टिमीटर, सोल्डर, वायर आणि बाकी किरकोळ वस्तू जळगावच्या गोलाणी मार्केटमध्येही बघता येतील.

टेबलावर लागणारी हत्यारं: पंचवीस वॉटची सोल्डरिंग गन, ०.८ मिमीची ६०/४० सोल्डर तार, डिसोल्डरिंग पंप, मल्टिमीटर, बारीक कटर, भिंग. सुरुवातीला सीडी४०१०६ वर एक साधा ऑसिलेटर बांधा. सूर धड लागत नाही, पण अर्ध्या दिवसात आवाज येतो आणि हात बसतो. पुढे म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सची डिझाइन्स बघा. त्या कंपनीने काम थांबवलं, पण तिचे आराखडे सर्वांसाठी खुले आहेत. त्यातले भाग मात्र अगदी बारीक, नवख्या हाताचे नव्हेत.

तयार मॉड्यूल परदेशातून मागवायचं तर ही कागदपत्रं जवळ ठेवा:

- आधार आणि पॅन, कुरिअरच्या केवायसीसाठी
- विक्रेत्याचं इन्व्हॉइस, त्यावर वस्तूचं स्पष्ट वर्णन
- पैसे भरल्याचा पुरावा
- कुरिअरचा एअरवे बिल नंबर
- वस्तूच्या पानाची प्रिंट, फोटोसकट

कस्टम ड्युटी फक्त किमतीवर नाही, भाडं आणि विमा धरून लागते, वर आयजीएसटी. ऑर्डर देण्याआधी हा आकडा कुरिअरवाल्याकडून काढून घ्या. विजेवर आवाज काढणाऱ्या वाद्यांचा कस्टम्समधला क्रमांक ९२०७ आहे. विक्रेत्याला तो इन्व्हॉइसवर लिहायला सांगा, नाहीतर तुमचं वाद्य प्रयोगशाळेचं उपकरण ठरू शकतं. हे नुसतं आपल्याकडेच होतं असं नाही. जपानचे इसाओ तोमिता यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मोग मागवला, तेव्हा हे वाद्य आहे हे तिथल्या कस्टम्सवाल्यांना काही केल्या पटेना आणि तो बराच काळ अडकून पडला. ‘गिफ्ट लिहून पाठवतो’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला नम्रपणे नाही म्हणा. पार्सल अडकलं तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

७. पेटी आणि धूळ

८४ एचपीची एक ओळ म्हणजे साधारण ४२.७ सेंमी. अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, म्हणजे रेल, विकत घ्या, बाकी पेटी गावातल्या सुताराकडून करून घ्या. त्याला मापं मिलिमीटरमध्ये द्या आणि एक पॅनेल हातात द्या. नुसत्या कागदावर भागत नाही. पॅनेल स्वतः करायचं असेल तर नावाच्या पाट्या कापणाऱ्या सीएनसीवाल्याकडून दोन मिमी अॅल्युमिनियममध्ये कापून मिळतं.

झाकण हवंच. आपल्याकडे धूळ आहे, वरून जिनिंगच्या हंगामात कापसाचा भुसका उडतो, आणि तो उघड्या जॅकमध्ये बसतो. वापरत नसाल तेव्हा झाकण लावा, पावसाळ्यात आत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

८. लोकांसोबत वाजवा

एकट्याने घरात वाजवण्यात वर्ष निघून जातं. आपल्याकडे साथीला मिळण्यासारखं बरंच आहे: संबळ, ढोल, सातपुड्यातली पावरी, कानबाईची गाणी म्हणणाऱ्या बाया. मॉड्युलरने तालात ताल घालू नका, तिथे तुमचा सिक्वेन्सर ढोलवाल्यापुढे टिकणार नाही. ढोलवाला मागे-पुढे होतो आणि तेच त्याचं सौंदर्य आहे. तुम्ही खाली सूर धरा, सावकाश फिल्टर उघडा, मधूनच एखादी घसीट द्या. आणि आधी त्यांचा सूर घ्या. पावरी तुमच्यासाठी ट्यून होणार नाही, तुमचा नॉब फिरतो.

म्हाताऱ्या बाया पेटीकडे बघून ‘हाई काय शे भो?’ विचारतील. जुन्या टेलिफोन एक्सचेंजच्या बोर्डासारखं आहे, म्हणून सांगा, लगेच कळतं. मग त्यांना एक नॉब फिरवायला द्या.

कार्यक्रमात सर्वात मोठी अडचण साउंडवाल्याशी येते. त्याच्या मिक्सरला जो लाइन सिग्नल लागतो तो साधारण एक व्होल्टच्या आसपास असतो. तुमच्या पेटीतून दहा व्होल्टचा झोका बाहेर पडतो. थेट जोडलंत तर आवाज फाटतो आणि त्याचा ट्वीटर गेला तर भांडण तुमच्या अंगावर. शेवटी आउटपुट मॉड्यूल किंवा निदान एक अॅटेन्यूएटर, म्हणजे सिग्नल कमी करणारं मॉड्यूल, ठेवा, पेटी आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स घाला, गुणगुण आली तर त्यावरचा ग्राउंड लिफ्ट दाबून बघा. मिक्सरच्या अर्थपिनेला टेप लावायची जी सवय काही साउंडवाल्यांना असते ती त्यांना करू देऊ नका. साउंड चेकला चॅनलचा गेन पूर्ण खाली ठेवायला सांगा, तुमचा सगळ्यात मोठा आवाज आधी द्या, आणि मगच त्याला गेन वर घ्यायला लावा. वायरींच्या जोडणीचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. मांडवात कोणाचा तरी पाय त्यात अडकतोच.